पाळणाघराच्या त्या खोलीचे काय झाले? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
व मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांमध्ये कायद्याने बंधनकारक असलेली पाळणाघरे प्रत्यक्षात सुरू होण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी गेली तेरा वर्षे हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आहे. माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि मुलगा दोन वर्षांचा. गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात हजर राहणे सक्तीचे केले, आणि त्याच आठवड्यात मी मॅनेजरच्या पदासाठी केलेला अर्ज मागे घेतला. या दोन गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत आणि त्यांचा आपल्या खात्याशी काय संबंध आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. प्रश्न माझ्या एकटीचा असता तर तो कंपनीच्या मनुष्यबळ विभागापुरताच ठेवला असता. तिथे मी तो लेखी मांडलेलाही आहे. पण माझ्याबरोबर नोकरीला लागलेल्या, कामात माझ्याहून सरस असलेल्या किती जणी तिशी-पस्तिशीत नोकरी सोडून घरी बसल्या किंवा मिळत असलेली बढती नाकारून आहे त्याच जागी राहिल्या, हे मोजायला लागले तेव्हा हाताची बोटे पुरली नाहीत. म्हणून हे सर्वांसमोर मांडते आहे.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले, त्यानंतरच्या वर्षी कंपनीने त्या खोलीत पाळणाघर सुरू केले. मी गरोदर असताना मुद्दाम तिथे जाऊन सगळे पाहून आले होते. सहा महिन्यांपासूनची मुले घेतात, दोन ताई पूर्णवेळ असतात, आईला दिवसातून चार वेळा येऊन बाळाला भेटता येते, हे ऐकून मला फार हायसे वाटले होते, आणि बाळंतपणानंतर नोकरीवर परत यायचे हे मी त्याच दिवशी मनाशी पक्के केले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि खोलीला कुलूप लागले. ते समजण्यासारखे होते. कार्यालये पुन्हा भरली तेव्हा मात्र कुलूप निघाले ते खोलीत बैठकीची टेबले मांडण्यासाठी. भिंतींना नवा रंग दिला गेला, पाळणे कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. फक्त मुलांसाठी गुडघ्याच्या उंचीवर बसवलेली दोन छोटी बेसिने काढायची राहून गेली. सफाईचे काम करणाऱ्या मावशी आता त्यातल्या एका नळाखाली बादली टेकवून फरशी पुसायचे पाणी भरतात. बैठकीला जाता-येता ती बेसिने मला रोज दिसतात.

बंद झालेल्या पाळणाघराबद्दल गेल्या पाच वर्षांत आपल्या खात्यातून कंपनीला कुणीही एक प्रश्न विचारल्याचे मला ठाऊक नाही. कर्मचाऱ्यांपैकी आम्ही काही जणींनी विचारले, तेव्हा ‘मागणी पुरेशी नाही’ असे उत्तर मिळाले. महोदय, कायद्यात पाळणाघराची अट मागणीवर अवलंबून नाही, कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आहे. आणि पाळणाघर बंद असताना मागणी दिसणार तरी कशी? ज्यांना त्याची गरज होती त्या एक तर नोकरी सोडून गेल्या आहेत किंवा त्यांनी कुठे तरी, कशी तरी सोय लावून घेतली आहे.

ती सोय कशी असते, ते माझ्याच उदाहरणावरून सांगते. आम्ही वारज्यात राहतो. मुलीची शाळा सुटली की तिला आणि दिवसभर मुलाला आमच्या सोसायटीतल्या एक काकू सांभाळतात. त्या बासष्ट वर्षांच्या आहेत, त्यांच्या घरात आणखी चार मुले असतात आणि त्या संध्याकाळी सात वाजता पाळणाघर बंद करतात, हे सर्वस्वी रास्त आहे. मी सकाळी आठला घर सोडते. कार्यालयात कार्ड लावल्यापासून नऊ तास भरावे लागतात, म्हणजे सव्वासहाच्या आधी निघता येत नाही. त्यानंतर भूमकर चौकातून महामार्गाला लागेपर्यंतच किती वेळ जाईल, ते कुणीही सांगू शकत नाही. मागच्या जून महिन्यात एका संध्याकाळी पाऊस लागला आणि मी साडेआठला पोहोचले. काकूंनी दार उघडले तेव्हा माझा मुलगा पायात बूट, पाठीला पिशवी अशा तयारीत दाराकडे तोंड करून बसलेला होता. सात वाजता काकूंनी त्याला बूट चढवले होते, आणि नंतर ते तो काढू देईना, कारण बूट काढले तर आई येणार नाही असे त्याने स्वतःच ठरवून टाकले होते. त्या दिवशी काकूंना त्यांच्या आजारी बहिणीला भेटायला दवाखान्यात जायचे होते, ते माझ्यामुळे राहिले. त्या एका शब्दानेही मला बोलल्या नाहीत. मॅनेजरचा अर्ज मागे घेताना माझ्या डोळ्यांसमोर ते बूट होते.

त्या पदावर अमेरिकेतल्या ग्राहकांशी रात्री साडेआठनंतर बोलावे लागते. रात्रीच्या कामाला मी कधीच नाही म्हटलेले नाही; मुले झोपल्यावर ते काम मी गेली पाच वर्षे करते आहे. मला नाही म्हणावे लागले ते संध्याकाळी सहा ते आठ या दोन तासांमुळे. मुलगा कामाच्या जागेजवळ असता, तर सव्वासहाला तो माझ्या कडेवर असता आणि रस्त्यात दीड तास लागला तरी तो दीड तास आम्ही दोघांनी एकत्र घालवला असता. माझ्या बढतीच्या आड माझी पात्रता आली नाही की माझी इच्छाही आली नाही. आड आली ती कायद्यात असलेली पण इमारतीत नसलेली एक खोली.

यावर आजीचा पर्याय नेहमी सुचवला जातो, म्हणून त्याबद्दलही लिहिते. माझ्या सासूबाई दोन्ही बाळंतपणांनंतर तासगाव तालुक्यातले घर सोडून आठ-आठ महिने आमच्याकडे राहिल्या. त्या काळात सासरे एकटे होते, दारात दोन म्हशी होत्या आणि सासूबाईंचे गुडघे चौथ्या मजल्यावर चढ-उतार करण्याच्या स्थितीत नव्हते. पुण्या-मुंबईतल्या हजारो आज्या आज अशाच आपले घर, आपली औषधपाण्याची वेळ आणि म्हातारपणातली आपली माणसे सोडून नातवंडे सांभाळत आहेत. त्यांच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. पण जी जबाबदारी कायद्याने नोकरी देणाऱ्यावर टाकली आहे, ती साठी ओलांडलेल्या बायकांनी विनावेतन पेलावी, हे शासनाने गृहीत धरू नये.

आता माझ्या तक्रारी नेमकेपणाने मांडते.

पहिली आणि मुख्य तक्रार अशी की कायदा झाला, पण तो पाळला जातो की नाही हे लोकांना दिसेल अशा रीतीने कुणी तपासत नाही. कोणत्या औद्योगिक वसाहतीत किती आस्थापनांना पाळणाघर लागू आहे आणि त्यांपैकी किती जणांनी ते चालवले आहे, याची यादी नोकरी शोधणाऱ्या मुलीला कुठे पाहता येते? २०१७ च्या दुरुस्तीने असेही घातले होते की स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच या कायद्याखालच्या सर्व लाभांची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी. माझ्या टीममध्ये त्यानंतर रुजू झालेल्या चार मुलींना मी विचारले. एकीलाही पाळणाघराबद्दल काही कळवले गेले नव्हते. ज्या हक्काची माहितीच नाही तो त्या मागणार कशा?

दुसरी तक्रार अंतराची. पाळणाघर ‘विहित करण्यात येईल अशा अंतरावर’ असावे, असे कायद्याने म्हटले आणि आकडा नियमांवर सोपवला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या किमान मार्गदर्शक सूचनांत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी कामाच्या जागी, जवळ किंवा लाभार्थींच्या वस्तीत, ५०० मीटरच्या आत पाळणाघर असावे असे सांगितले आहे. पण सूचना ही सूचनाच राहते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून प्रसूती लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पन्नास कर्मचाऱ्यांची अट तिथेही आहे आणि अंतर नियमांवर सोपवणारे तेच शब्दही आहेत. जुन्या कायद्यातली ही ढिलाई नव्या संहितेच्या नियमांतही जशीच्या तशी उतरू नये, यासाठी आत्ताची वेळ महत्त्वाची आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागते, आणि ती माझ्याबद्दल नाही. त्या छोट्या बेसिनात बादली भरणाऱ्या मावशींचा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्या सकाळी साडेसहाला घर सोडतात. मुलाला दुपारी बारापर्यंत त्याची अकरा वर्षांची बहीण सांभाळते, मग त्याला शेजारणीकडे सोडून ती शाळेला जाते. शेजारीण गावाला गेली की बहिणीची शाळा बुडते. मावशी आमच्या कंपनीच्या कर्मचारी नाहीत, कंत्राटदाराच्या आहेत. आमच्या इमारतीत त्या कंत्राटदाराची अठरा माणसे काम करतात. त्यामुळे कंपनी म्हणते की त्या आमच्याकडे मोजल्या जात नाहीत, आणि कंत्राटदार म्हणतो की माझी इथे पन्नास माणसे नाहीत. एकाच छताखाली रोज भेटणाऱ्या आम्हा दोघींपैकी एकीला कागदावर तरी हक्क आहे, दुसरीला तोही नाही. पाळणाघराची गरज कुणाला अधिक आहे हे मला कुणी विचारले, तर मी आधी मावशींचे नाव सांगेन.

चौथी तक्रार वडिलांच्या बाजूने आहे. माझे पती चाकणच्या एका कारखान्यात पाळीत काम करतात. त्यांची पाळी दुपारी तीनला संपते तेव्हा मुलगा त्यांच्या कारखान्याजवळ असता, तर आमचे निम्मे प्रश्न सुटले असते. त्यांनी विचारणा केली तेव्हा ‘ते महिला कामगारांसाठी असते आणि आपल्याकडे तेवढ्या महिला नाहीत’ असे सांगण्यात आले. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये तीसपेक्षा अधिक स्त्री कामगारांची अट होती हे खरे. परंतु २०१७ पासून लागू झालेली संख्या पन्नास कर्मचाऱ्यांची आहे, पन्नास स्त्रियांची नाही. मात्र दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा कायद्याने फक्त आईलाच दिली, त्यामुळे मूल म्हणजे आईचे काम हा समज कायद्यानेच पक्का केला. केंद्र सरकार आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा देते. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. मुलाला बापही लागतो, महोदय, आणि बापालाही मूल लागते.

पाचवी तक्रार मूल्यमापनाची, ती थोडक्यात लिहिते. दोन्ही वेळा २६ आठवड्यांच्या रजेनंतर मला ‘वर्षभराचे काम नाही’ म्हणून मधली श्रेणी मिळाली. रजा हक्काची होती, पण तिचा हिशेब पुढच्या तीन वर्षांच्या पगारवाढीत आणि बढतीच्या रांगेत होत राहिला.

आणि शेवटची तक्रार कामाच्या तासांची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १० तास करण्यास मंजुरी दिली. उद्योगांच्या सोयीचा विचार करणे शासनाचे काम आहे, हे मला मान्य आहे. पण दिवस एका तासाने वाढवताना त्या तासात मूल कुणाजवळ असेल, हा प्रश्न निर्णयाच्या टेबलावर आला होता का? नोकरदार आईच्या दिवसात हा तास कुठूनही काढता येत नाही. तो मुलाच्या वाट्यातून जातो, नाही तर तिच्या झोपेतून.

आपले राज्य या बाबतीत कधी काळी पुढे होते, म्हणून मला अधिक वाईट वाटते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या काळात स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे मांडले होते. १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. साऱ्या देशासाठी प्रसूती लाभाचा कायदा व्हायला १९६१ उजाडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुले जिथे आहेत तिथे सोय पोहोचली पाहिजे, हा विचार आपल्याच मातीतला आहे. राज्य शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, म्हणजे मूल वाढवायला वेळ लागतो हे शासनालाही पटलेले आहे. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या बालसंगोपन रजेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही कृपेची बाब नसून घटनेची अपेक्षा असल्याचे स्पष्ट केले. खासगी नोकरीतल्या लाखो स्त्रियांपर्यंत हे पोहोचवण्याचे साधन आज पाळणाघर हेच आहे. कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे की नाही यावर आपण मागणी मोजत नाही. पाळणाघरालाही त्याच रांगेत बसवावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. सामाजिक सुरक्षा संहितेच्या नियमांत पाळणाघराचे कमाल अंतर ५०० मीटर असे आकड्यात लिहिले जावे, आणि ज्यांना लहान मुलाला इतका प्रवास घडवणे शक्य नाही त्यांच्यासाठी घराजवळच्या पाळणाघराचा खर्च कंपनीने देण्याचा पर्याय ठेवावा. तो पर्याय कर्मचाऱ्याने निवडायचा, कंपनीने नव्हे. पन्नासची संख्या मोजताना त्या जागेत काम करणारी सर्व माणसे, कंत्राटी कामगारांसह, मोजावीत आणि पाळणाघर त्या सर्वांच्या मुलांना, आई-बाप असा भेद न करता, खुले असावे. दररोज किती तास चालवायचे हेही नियमात असावे. पाळी दहा तासांची असेल तर पाळणाघर त्याहून जास्त वेळ उघडे राहिले पाहिजे.

आपल्या खात्याने प्रत्येक जिल्ह्यातील पात्र आस्थापनांची आणि तिथल्या पाळणाघराच्या स्थितीची यादी संकेतस्थळावर सर्वांना दिसेल अशी ठेवावी, ती दर सहा महिन्यांनी अद्ययावत करावी, आणि तक्रार करणाऱ्या स्त्रीचे नाव कंपनीला न कळवता तपासणी होईल अशी सोय करावी. नाव कळण्याच्या भीतीने किती जणी गप्प आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. मीसुद्धा या पत्राखाली नाव घालू शकलेली नाही.

ज्या लहान कंपन्यांना स्वतंत्र पाळणाघर परवडत नाही त्यांची अडचण खरी आहे. त्यासाठी वाट कायद्यातच आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये एक किलोमीटरच्या परिघातील आस्थापनांना मिळून सामाईक पाळणाघर चालवता येते. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क किंवा चाकणची औद्योगिक वसाहत अशा ठिकाणी एमआयडीसीने जागा द्यावी, कंपन्यांनी खर्च वाटून घ्यावा आणि आपल्या खात्याने देखरेख ठेवावी. सुरुवात एकाच वसाहतीपासून झाली तरी चालेल, पण ती तारीख ठरवून व्हावी. त्याचबरोबर, प्रसूती रजेचा काळ मूल्यमापनातून वगळावा असे स्पष्ट निर्देश आस्थापनांना द्यावेत.

या पत्राचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, ही विनंती. नवे शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि बहुतेक घरांत मुलांच्या सोयीचे आणि आईच्या नोकरीचे निर्णय एप्रिल-मे महिन्यांतच होतात, म्हणून ते त्याआधी मिळावे.

मी मागे घेतलेल्या पदासाठी कंपनी येत्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा अर्ज मागवणार आहे. तळमजल्यावरची ती खोली तोवर मुलांसाठी उघडली, तर मी अर्ज करणार आहे, आणि पहिल्या दिवशी मावशींच्या मुलाला आणि माझ्या मुलाला आम्ही दोघी बरोबरच तिथे सोडणार आहोत.

आपली नम्र,
दोन मुलांची नोकरदार आई
वारजे, पुणे